कुसुमचा ताप आणि दसऱ्याची सुट्टी

सलग सुट्ट्या आल्या की लोकांकडे फराळाचे डबे भरतात, आमच्याकडे किस्से. मूल आजारी पडायला सुट्टीच का शोधतं, हे सातवीपर्यंत मला कुणी शिकवलं नाही. त्या एका दसऱ्याचंच घ्या. नवमी शनिवारी, दसरा रविवारी, सोमवारी बडोद्यातल्या सगळ्या कचेऱ्या बंद. आणि शनिवारी सकाळी आमची दहा महिन्यांची कुसुम तव्यासारखी तापलेली.

*

दवाखान्यात गेले तर नळी, थर्मामीटर, चिमटे, कात्र्या, सगळं टेबलावर झेंडूत बुडालेलं. खंडेनवमीची पूजा. डॉक्टर राजवाड्यावर गेलेले. कंपाउंडर म्हणाला, "उत्तरपूजेपर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही."

"अहो, ताप किती आहे एवढं तरी बघा."

त्याने कुसुमच्या कपाळाला हात लावला.

"आहे," म्हणाला.

*

घरी सासूबाईंनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आम्हाला लागला नाही, म्हणजे दृष्ट भारी होती असं ठरलं. ठसका लागला तो शेजारच्या काशीबेनला. त्या खोकतच आत आल्या आणि म्हणाल्या, "बेन, एने तो दांत आवे छे."

मी म्हटलं, "पण ही दूध घेत नाही, सारखा डावा कान ओढतेय."

"दृष्ट लागली की मूल कान ओढतंच," सासूबाई म्हणाल्या.

दृष्ट की दात, यावर दोघींचं जमेना. डॉक्टर नको, यावर लगेच जमलं.

*

रविवारी आमचे हे डॉक्टरांना महाराजांच्या दसऱ्याच्या सवारीतच गाठायचं म्हणून मांडवीला गेले. आले ते दिवेलागणीला.

"भेटले?"

"भेटले की. दरबारी पागोटं घालून घोडागाडीत बसले होते. मी गर्दीतून हात केला."

"मग?"

"त्यांनी नमस्कार घेतला."

वर हेच पुढे म्हणाले, "हत्तींबरोबर मात्र गुरांचे डॉक्टर पायी चालत होते, औषधाची पेटी घेऊन. व्यवस्था चोख आहे हो."

*

तोवर कुसुमचं रडणंही थांबलं होतं. सासूबाईंना बरं वाटलं. मला नाही. देव्हाऱ्यापुढची आपट्याची पानं उचलली, कुसुमला पदराखाली घेतलं आणि डॉक्टरांच्या घरी गेले.

दारातच डॉक्टरीणबाई. "आज ते पेशंट बघत नाहीत."

"पेशंट कुठे? सोनं द्यायला आलेय."

दसऱ्याला सोनं घेऊन आलेल्याला परत कसं पाठवणार? मला आत घेतलं. मी एक पान कुसुमच्या मुठीत धरवलं आणि तिचा हात डॉक्टरांपुढे केला. पान घेताना त्यांना चटका बसला.

"कधीपासून?"

"कालपासून. कान ओढतेय."

त्यांनी कोनाड्यातली आपली पेटी ओढली. बाई म्हणाल्या, "अहो, घरची उत्तरपूजा व्हायचीय."

"झाली," डॉक्टर म्हणाले आणि दिवा कानाशी धरला. आत गळू होतं, फुटायला आलेलं. साफ करताना कुसुम एवढी किंचाळली की मला रडूच आलं, बरं वाटून. "उद्यावर टाकलं असतंत तर कठीण होतं," म्हणाले.

"आणि दात?" मी विचारलं.

"येतील सावकाश."

*

पुढच्या दसऱ्याला रीतीप्रमाणे सोनं द्यायला गेले. कुसुम चालत होती. डॉक्टरांच्या ओट्यावर ही गर्दी! कुणाचा पाय बांधलेला, कुणी खोकतंय. एक म्हातारबुवा तर खाटेवर घालून आणलेले, मुठीत आपट्याची पानं.

डॉक्टरीणबाई मला कौतुकानं म्हणाल्या, "यंदा लोकांचं प्रेम फारच वाढलंय, नाही?"