पायाळूचा पाय

पुष्पलता जन्मली तीच पाय पुढे करून. म्हणजे पायाळू! आणि पायाळू माणसाने पाय लावला की उसण पळते, हे तारापूरच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. जाळं ओढताना कुणाच्या पाठीत उसण भरली की गडी पुष्पलतेच्या ओट्यावर पालथा. ती पाठीवरून अलगद पाय फिरवायची, तो कण्हत घरी जायचा आणि सकाळी बरा व्हायचा. उसण आपसूकही जाते म्हणा, पण श्रेय पुष्पलतेच्या पायाला. बोयसरच्या बाजारात उन्हात मासळी विकणाऱ्या बाईला एवढा मान दुसरा कोण देणार? सुखावली बिचारी.

तिची एकुलती एक लेक भाग्यश्री. पोरीला पोलीस व्हायचं होतं. रोज सकाळी ओल्या वाळूवर धावायची. पोलीस भरतीची धावण्याची चाचणी तोंडावर आलेली, आणि नेमका तेव्हाच होडीच्या दोरात पाय अडकून ती पडली. घोटा असा मुरगळला की पाय टेकवेना. बघता बघता टम्म सुजला.

"आई, बोयसरला जाऊ ना. हाडाचा फोटो काढू," भाग्यश्री रडत म्हणाली.

"मी घरात असताना? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या! पायाळूच्या पोरीला डॉक्टर लागतो, म्हणून."

मग तिने त्या घोट्यावर पाय फिरवला, वर कढत तेलाने चोळ चोळ चोळला. पोरीने ओढणीचा बोळा दातांत धरला. "आता चाल जरा. बसून राहिलीस तर आखडेल," आई म्हणाली. आईच म्हणते म्हटल्यावर पोर चालली. पुढे धावायचाही प्रयत्न केला, वेडीने.

चाचणीच्या दिवशी पहिल्याच फेरीत ती मैदानावर कोसळली. तेव्हा कुठे बोयसरचा डॉक्टर आणि तेव्हा कुठे फोटो.

"पाय टेकवत नव्हता ना? मग त्याच दिवशी आणायचं," डॉक्टर म्हणाला. "हाडाला चीर होती. चालून ते सरकलंय. ऑपरेशन करू, पण धावणं आता विसरा. अहो, ताज्या सुजेला शेकायचं नसतं, चोळायचं नसतं. पाय उशीवर ठेवून फडक्यातून बर्फ लावायचा."

बर्फ! पुष्पलतेच्या पायाखालची जमीनच सरकली. पोर पडली त्या दिवशी पापलेटांची पेटी बर्फाने भरून दारातच उभी होती. काखेत कळसा नि गावाला वळसा! मासळीला बर्फ आणि पोटच्या पोरीला कढत तेल!

आता भाग्यश्री लंगडत आईबरोबर बाजारात बसते. आईला एका शब्दाने बोलली नाही कधी. बोलली असती तर बरं झालं असतं, असं पुष्पलतेला रोज वाटतं.

परवा शेजारची बायडी आपल्या रुचिताला पाठुंगळी घेऊन आली. घोटा सुजलेला.

"काकी, पाय लाव गो हिला."

पुष्पलतेने दोन्ही पाय लुगड्यात ओढून घेतले. "नाय लावणार. बोयसरला ने."

"एवढा ताठा?" बायडी फणकारली.

तेवढ्यात भाग्यश्री लंगडत बाहेर आली. पेटीतला बर्फ तिने फडक्यात बांधला, रुचिताचा पाय उशीवर घेतला आणि ते फडकं सुजेवर धरलं. रुचिता मुसमुसत होती. "ताई, मी परत धावेन ना गो?"

"धावशील," भाग्यश्री तिची समजूत घालत म्हणाली. "तुझ्या आईने चोळला नाय अजून."

तिच्या आवाजात राग नव्हता. पुष्पलता उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.