दसऱ्याला मोडलेली मोटारसायकल

माझ्या नावावर एक मोटारसायकल आहे. स्कूटी नाही, मोटारसायकल. गिअरची, भरभक्कम, मागे झेंडूचे दोन क्रेट बांधले तरी चढाला कुरकुर न करणारी. मखमलाबादच्या पुढे आमची फुलशेती आहे आणि पहाटे फुलं नाशिकच्या बाजारात पोचवायचं काम माझं. नवरा शेतात हुशार आहे, बाजारात नाही. गिऱ्हाईक जरा हसून बोललं की हा आपणहून भाव उतरवतो. म्हणून तो वाफ्यात आणि मी रस्त्यावर अशी आम्ही वाटणी करून घेतली आणि तेव्हापासून घरात शांतता आहे.

तरीही पेट्रोल पंपावर नवरा सोबत असला की माणूस टाकीचं झाकण उघडता उघडता त्यालाच विचारतो, "किती टाकू, साहेब?" पंक्चरवाला मला ट्यूब दाखवत नाही, फोन लावून नवऱ्याला सांगतो. नवरा बिचारा म्हणतो, तिची गाडी आहे, तिला सांगा. मी आता वाद घालत नाही. किल्ली तेवढी जोरात वाजवते.

तर या गाडीचा विमा मी दर वर्षी पूर्ण काढायचे. आमचा भाचा विम्याचं काम करतो. नुसता थर्ड पार्टी काढा, बाकी कशाला, असं गल्लीतले शहाणे सांगत, पण मी ऐकलं नाही. आणि इतक्या वर्षांत एकदाही क्लेम केला नाही, याचा मला तोरा होता. गाडी चालवायची अक्कल असेल तर क्लेम लागतो कशाला, असं मी चारचौघांत बोलून दाखवत असे. बोललेलं अंगाशी आलं ते दसऱ्याला.

आमच्या विहिरीपलीकडे दोन खोल्यांत एक कुटुंब राहतं. मूळचं सुरगाण्याकडचं. भाताची कापणी उरकली की तिकडून जीप भरून माणसं कामाला येतात, त्यात हा माणूस आणि त्याची बायको पहिल्यांदा आमच्याकडे फुलं तोडायला आली. बाकीचे पावसाआधी डोंगरात परत जायचे, ही दोघं एका वर्षी राहिली ती कायमची. सगळे त्याला भाऊ म्हणतात, मीही भाऊच म्हणते. तो मला ताई म्हणतो. शेजारच्या ट्रॅक्टरवर तो चालवायला शिकला, मग दुसऱ्यांचे टेम्पो चालवले आणि यंदा दसऱ्याच्या तोंडावर त्याने स्वतःची पिकअप घेतली. नवी कोरी, पांढरी.

त्याच्या दारात जागा नाही, म्हणून पूजेला त्याने पिकअप आमच्या अंगणात आणली. म्हणाला, "ताई, पयली पूजा तुमच्या हातची." मी काय फुगले म्हणून सांगू. पहाटेच उठून अंगणभर रांगोळी काढली होती, मोठं कमळ, पाकळ्यांत रंग भरलेले. पिकअप तिच्या मागे उभी केली. घरात झेंडू पिकत असताना माळा घालताना हात कोण आखडता घेणार? पुढच्या काचेवर तोरण, बॉनेटवर माळ आणि दोन्ही आरशांना जाडजूड हार. आरसे दिसेनासे झाले, पण शोभा अशी आली की बघत राहावं. पिकअपच्या मागे, रांगेत, माझी मोटारसायकल उभी होती. धुतलेली, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला हार. तिची पूजा आधीच उरकली होती.

नारळ फोडला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. भाऊ आत बसला, गाडी सुरू केली आणि मला विचारलं, "घेऊ का पुढं?"

मी म्हटलं, "थांब. रांगोळी मोडेल माझी. मागं घे."

इतकी वर्षं तो माझं ऐकत आला होता, तेव्हाही ऐकलं. त्याने गाडी मागे घेतली. लिंबं फुटली. मग दुसरा आवाज आला, तो लिंबांचा नव्हता.

मोटारसायकल आडवी पडली होती आणि पिकअपचं मागचं चाक तिच्या पुढच्या चाकावर चढलं होतं. हेडलाइट फुटला, हँडल वळलं, पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला, टाकीवर स्वस्तिकाच्या जागी खळगा. रांगोळीची मात्र एक पाकळीसुद्धा विस्कटली नव्हती. भाऊ खाली उतरला आणि गाडीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, जाऊ दे, सणाचा दिवस आहे. हे म्हणताना मला रडू येत होतं, ते मी आवरलं.

दर दसऱ्याला संध्याकाळी आमच्या दारात आपट्याची पानं घेऊन पहिला येणारा माणूस भाऊच. त्या संध्याकाळी तो आला नाही. आम्ही वाट बघितली, मग जेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून गॅरेजला टाकली. गॅरेजवाला म्हणाला, क्लेम करणार असाल तर विम्याचा माणूस बघून जाईपर्यंत मी पाना लावत नाही. करणार नसाल तर आत्ता उघडतो. काय ते ठरवा.

ठरवणं सोपं नव्हतं. दिवाळीचा झेंडू फुलायला लागला होता. गाडी नसली की शेजारच्या टेम्पोत क्रेट टाकायचे, तो निघेल तेव्हा निघायचं, आणि तो पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं माल घेऊन गेलेली असतात. गाडीमुळे मी माझ्या मर्जीची झाले होते, ते मला सोडायचं नव्हतं. आणि खिशातून दुरुस्ती म्हणजे दिवाळीची निम्मी कमाई गॅरेजात.

संध्याकाळी भाचा आला. म्हणाला, "मामी, सरळ क्लेम करा. नो क्लेम बोनस जाईल, जाऊ द्या. फक्त झालं कसं ते लिहावं लागेल, पिकअपच्या नंबरासकट."

नवरा हळूच म्हणाला, "त्याच्याकडे लायसन असेल का?"

लायसन आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. डोंगरातला माणूस, ट्रॅक्टरवर शिकलेला, नवी गाडी, कागद कुठले धड असणार, हे आम्ही तिघांनी चहा पिता पिता ठरवूनही टाकलं. नंबर लिहिला आणि चौकशी लागली तर त्याची पिकअप ऐन दिवाळीत अडकून पडायची. भाचा म्हणाला, मग अज्ञात वाहनाने धडक दिली असं लिहू. मी त्याला झापलं. माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच हाराने सजलेलं वाहन अज्ञात कसं? खोटं मी लिहिणार नाही आणि भाऊला अडकवणारही नाही. क्लेम करायचाच नाही, संपलं. तसा फोनही लगेच गॅरेजवाल्याला केला. हे बोलून झाल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. नवऱ्यालाही वाटलं असावं, कारण भांडी त्याने घासली.

सकाळी भाऊ आला. इस्त्रीचा शर्ट, सोबत बायको, एका हातात आपट्याची पानं आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. पानं माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "परवा सोनं द्यायचं राह्यलं." मग उभ्यानेच विचारलं, "गॅरेजवाला बोलला, तुम्ही क्लेम करत नाय म्हणून. का बरं?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच, भाऊ. तुला त्रास नको."

"मला कसला तरास?"

आता याला कसं सांगायचं? मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने छताकडे. भाऊच्या बायकोच्या ते लगेच लक्षात आलं. तिने पिशवी घेतली आणि आतले कागद ओट्यावर एकेक करून मांडले. लायसन, गाडीचं पुस्तक, विमा, पीयूसी. सगळं त्याच्या नावावर, सगळं चालू. भाचा घरातच होता, त्याने उलटसुलट बघून मान हलवली.

"पिकप घ्यायच्या आधी लायसन काढलं," भाऊ म्हणाला. "एकदा नापास झालो, परत दिली टेस्ट. तुम्ही इचारलं असतं तर दावलं असतं. तुम्ही तर माझं नाव लपवू राह्यले. मी काय चोर हाय का, ताई? गाडी माझी हाय. माझ्या गाडीनं तुमची गाडी मोडली. तसं लिवा."

त्याचा आवाज चढला नव्हता, पण इतक्या वर्षांत तो माझ्याशी असा बोलला नव्हता. मला आधी रागच आला. याच्यासाठी मी दिवाळीची कमाई सोडायला निघाले आणि हा मलाच सुनावतो. मग माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. बोलताना तो पिकअपची किल्ली मुठीत धरून वाजवत होता, जोरात, पंपावर मी वाजवते तशी. मला लाज वाटली. चांगलीच वाटली.

मी भाच्याला म्हटलं, "काढ तुझा फॉर्म. आणि गॅरेजवाल्याला सांग, पाना लावू नको."

भाच्याने मोबाइलवर फॉर्म उघडला. माझे कागद मागितले तेव्हा कळलं की माझी पीयूसी कधीचीच संपली आहे. भाऊच्या बायकोने पदर तोंडाला लावला. हसली असेल तर हक्काने हसली. अपघात कसा झाला या रकान्याशी भाचा अडला. "मामी, रांगोळी लिहायची?" मी म्हटलं, लिही. आरशांना हार मी घातले तेही लिही, आणि मागं घे म्हणून मी सांगितलं तेही लिही. मग समोरच्या वाहनाच्या मालकाचं नाव आलं. भाचा माझ्याकडे बघायला लागला, आणि मला ते सांगता येईना. आमच्या मजुरीच्या हिशेबात मी वर्षानुवर्षं भाऊ एवढंच लिहीत आले होते. भाऊनेच सावकाश सांगितलं, स्वतःचं, बापाचं, आडनाव, आणि भाच्याने बरोबर टाइप केलं का ते वाकून पाहिलं.

क्लेम पुढे मिळाला, गाडी दिवाळीच्या बाजाराला उभी राहिली, नो क्लेमचा माझा तोरा गेला. पण त्याआधी विम्याचा माणूस गॅरेजात आला होता, तो मला विसरता येत नाही. तरुण पोरगा, घाईत. नवरा, भाऊ आणि मी तिथेच उभे होतो. त्याने वाकलेल्या चिमट्याचे फोटो काढले आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "गाडी तुमची का, साहेब?" नवऱ्याने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "माझी," मी म्हटलं.

"आणि पिकअपचे मालक? ते आलेत का?" असं म्हणत तो भाऊच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघू लागला. भाऊच्या वतीने बोलायला माझं तोंड उघडलंही होतं. मी ते मिटलं.

"मीच," भाऊ म्हणाला.

त्या पोराने भाऊकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या मोबाइलकडे. "बरं," तो म्हणाला, "मग दोन्ही मालक इकडे या. झालं कसं ते सांगा."

आम्ही दोघं पुढे झालो. मी आधी भाऊला सांगू दिलं.