जीपमधली निरगुडी

तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं, की किडीसाठी घातलेल्या निरगुडीच्या पाल्याचा उग्र वास येतो आणि मला पोलादपूरचं ते गॅरेज आठवतं.

मुंबईहून गावी, कापड्याला आलो, जुन्या जीपला किल्ली मारली, तर इंजिनातून कानठळ्या बसवणारा खडखडाट! महिनाभर जीप दिलीपकडे, माझ्या चुलतभावाकडे होती.

"कशेडी घाटात कुठं आपटलीस रे?"

"नाय रे, जागची हाललीसुद्धा नाय." त्याने नजर खाली वळवली. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

दिलीपला सोबत घेऊन तशीच खडखडत ती गॅरेजात नेली. मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडलं, तेव्हाही मी इंजिन सोडून दिलीपचा चेहराच वाचत होतो. काकांनी पंख्यात अडकलेली सुकी फांदी ओढून काढली. पानं बोटांत चुरली आणि तोच वास सुटला.

"निरगुडी कोणी घातली हिच्यात?"

"मीच," दिलीप म्हणाला. "भाताच्या कणगीत घालतो तशी. उंदीर हिच्या वायरी खातील म्हणून."

पुन्हा किल्ली मारली. जीप गुमान सुरू झाली.

आता गावी गेलो, की किल्ली मीच त्याच्यापुढे करतो. "नको रे, परत खडखडली तर?" म्हणत दिलीप हसतो आणि हात मागे घेतो.