लवू राऊळ, सुकाणू आणि सहा शेजारी

घोडपदेवच्या लवू राऊळकडे बघितलं की कुणालाही वाटावं, हा माणूस फक्त जमिनीसाठी बनवलेला आहे. उंची पाच फूट चार इंच आणि रुंदीही, दुरून बघितलं तर, तेवढीच. दहीहंडीत सलग चौदा वर्षं तो सगळ्यात खालच्या थरात. वरचे बदलत गेले, मोठे झाले, लग्नं करून डोंबिवलीला गेले. खाली लवू तो लवूच. त्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढलेली माणसं आजही रस्त्यात भेटली की आधी खांद्याकडे बघतात, मग चेहऱ्याकडे.

तर असा हा लवू, तिशीला एक महिना उरला असताना, समुद्रावर नोकरी धरायला निघाला.

गिरगाव चौपाटीवर एक जलविहार केंद्र निघालं होतं. कयाक, शिडाच्या होड्या आणि सहा-सहा माणसांना फिरवून आणणाऱ्या छोट्या इंजिनाच्या बोटी. आसपासच्या वस्त्यांतल्या तरुणांना चार महिने फुकट शिकवायचं, शेवटी परीक्षा घ्यायची, आणि पास होईल त्याला तिथेच कायम नोकरी. भरती होताना वय तिशीच्या आत हवं आणि परीक्षा एकदाच, अशा दोन अटी. लवूने ही जाहिरात फोनवर वाचली तेव्हा तो कुरियरचं पार्सल घेऊन परळच्या एका टॉवरच्या गेटवर पाऊण तास उभा होता. वरच्या मॅडम फोन उचलत नव्हत्या आणि वॉचमन सावलीत उभा राहू देत नव्हता. गेली सहा वर्षं हेच चाललं होतं. समुद्रावर निदान गेट नसणार, एवढा एकच विचार करून त्याने अर्ज भरला.

अर्जात ‘पोहता येते का’ असा रकाना होता. खिडकीतल्या माणसाने ‘मूळ गाव’ पुढे सिंधुदुर्ग बघितलं आणि स्वतःच तिथे ‘होय’ अशी खूण केली. लवूने खाली सही केली. आता राऊळांचं गाव आहे आंबोली घाटाच्या पायथ्याशी. तिथे बांगडासुद्धा दुपार टळल्यावर, थकूनभागून पोचतो. राऊळ घराण्याचा समुद्राशी संबंध म्हणाल तर लवूच्या आजोबांपुरता. ते वेंगुर्ल्याहून बोटीने मुंबईला आले आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत पूर्णवेळ ओकत आले. मग गिरणीत लागले, ते परत आयुष्यात पाण्याकडे तोंड करून उभे राहिले नाहीत.

आईला, म्हणजे जाईबाईला, त्याने हे सांगितलं तेव्हा ती माशाला मीठ लावत होती. तिने मान वर न करता विचारलं, “मेल्या, न्हाणीत बादली सांडली तर ओरडतंस, तू दर्यात काय करतलंस?”

प्रश्न रास्त होता. पहिले तीन आठवडे लवूने दर्यात काही केलं नाही. दादरच्या पालिकेच्या तलावात तो रोज बुडाला. त्याला वर काढायचं काम गौतमचं. गौतम नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेला, शाळेपासून पोहण्यात बक्षिसं मिळवलेला आणि याच तुकडीत शिकायला आलेला. त्याने लवूला पोहायला शिकवलं, पण शिकवताना जे टोमणे मारले ते पाण्यापेक्षा जास्त लवूच्या नाकात गेले.

पोहणं एक वेळ जमलं. खरी अडचण बोटीत होती. बोट जरा डुचमळली की लवू उभा राही, पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यावर. चौदा वर्षांची सवय. खालून हललं की पाया घट्ट करायचा. पायाच्या जागी बोट असल्यामुळे पाया घट्ट झाल्याबरोबर सगळे पाण्यात. बोटीवरच्या पहिल्या महिन्यात त्याने बोट अकरा वेळा उलटी केली. बाराव्या वेळी नाकातोंडातलं पाणी काढत गौतम म्हणाला, “लव्या, तू पाया आहेस रे, मान्य. पण खाली तुझ्या रस्ता नाहीये.”

शिकवणाऱ्या प्रिती मॅडम मात्र ओरडत नसत. सडपातळ, उन्हाने रापलेल्या, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द इस्त्री करून आणलेला. त्यांनी लवूला एवढंच सांगितलं, की बोट हलली की बसा, भीती वाटली की आणखी खाली बसा. लवूने ते वाक्य घरी, कामावर, पलंगावर झोपूनसुद्धा घोकलं. चौथ्या महिन्यात तो असा काही बसायला लागला की भूकंप झाला तरी उठणार नाही.

लवूची परीक्षा जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी होती. किनाऱ्यापासून पाण्यावर तरंगत्या नारिंगी बोयापर्यंत बोट न्यायची, त्याला वळसा घालायचा आणि परत आणायची. वाटेत प्रवाशांना आजूबाजूची माहिती द्यायची. प्रवासी कोणी बोटीत उभा राहिला, तर दहा आकडे मोजून होण्याच्या आत त्याला खाली बसवायचं, तेही नुसत्या शब्दाने, कारण चालकाने सुकाणूवरचा हात काढला की तिथेच नापास. आणि प्रवासी उमेदवारानेच आणायचे, सहा. मॅडमचं म्हणणं, उद्या येणारं पब्लिक काही पोहणाऱ्यांच्या क्लबमधून येणार नाही.

गौतमने आपले प्रवासी नीट पारखून आणले. सहाही कॉलेजातले मित्र, सगळे पोहणारे. तो आदल्या दिवशीच पास झाला. लवूच्या बाबतीत मात्र पारखण्याची संधीच आली नाही. चाळीत बातमी फुटली आणि दुसऱ्या दिवशी जाईबाईने यादी त्याच्या हातात दिली. ती स्वतः. गंगाधरकाका, चाळीच्या गणपतीचे जुने कार्यकर्ते, वय चौऱ्याहत्तर. शेजारची सीमावहिनी. आणि भजनी मंडळातल्या तिघी, ज्यांतल्या कौसल्यामावशी रस्ता ओलांडतानासुद्धा कुणाचा तरी हात धरतात.

“ह्येंका ‘नको’ सांगूक माका जमाचा नाय,” जाईबाई म्हणाली, आणि विषय संपला.

सकाळी साडेसातला सगळे हजर. तिघींच्या नऊवारीवर नारिंगी लाइफ जॅकेटं चढवताना केंद्रातल्या दोन मुलींना घाम फुटला. काकांनी जॅकेट चढवून झाल्यावर इस्त्रीची टोपी घातली. प्रिती मॅडम हातात कागद घेऊन पुढच्या टोकाला बसल्या. उमेदवाराला कसलीही मदत करणार नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर बजावून सांगितलं. मागून मदतीची बोट घेऊन गौतम येणार होता.

निघताना सगळं छान. समुद्र ताटात ओतल्यासारखा. सीमावहिनीने फोन काढला, पण उठली नाही. कौसल्यामावशींनी डोळे मिटले ते मिटलेच. लवूने पाठ केलेली माहिती सुरू केली. डावीकडे मरीन ड्राइव्ह, उजवीकडे मलबार हिल, त्या टोकाला राजभवन. काका मान डोलवत होते, पण त्यात काही राम नव्हता. टेकडी ते लहानपणापासून बघत होते. बोया समोर दिसायला लागला. माणसं गप्प, बोट सरळ, मॅडमचं पेन खूण करत चाललेलं. लवूला इतकं बरं वाटलं की पाठांतरात नसलेलं एक वाक्य त्याच्या तोंडून गेलं.

“आणि काका, ही बघा ती जागा. आपला बाप्पा इथे उतरतो.”

हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही सहा माणसांसमोर चाललं असतं. त्यांनी फोटो काढला असता. पण गंगाधरकाका सत्तेचाळीस वर्षं मूर्तीबरोबर घोडपदेवहून गिरगावपर्यंत चालत आलेले. दर वर्षी छातीपर्यंत पाणी आलं की स्वयंसेवक मागे ढकलत, तराफा पुढे जाई, आणि मग नुसती डोकी दिसत. बाप्पा नक्की कुठे गेला, ते त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. जाईबाईने तर वाळूच्या पुढे पायच टाकला नव्हता.

काका उभे राहिले. टोपी नीट केली, हात जोडले. जाईबाई उठली. सीमावहिनी उठली. तिघी उठल्या, त्यांत कौसल्यामावशी डोळे उघडून सगळ्यात पुढे. सहाच्या सहा माणसं बोटीच्या उजव्या कडेला, ओळीने, हात जोडून.

बोट उजवीकडे झुकली. पाणी काठाला टेकलं.

मॅडम म्हणाल्या, “एक.”

लवूच्या पोटऱ्या आपोआप ताणल्या. ऊठ, पाय फाकव, सगळ्यांना धर, असं अंगातला प्रत्येक स्नायू सांगत होता. तो आणखी खाली बसला. मग त्याने शिकवलेलं वाक्य म्हटलं, की कृपया सर्व प्रवाशांनी आपापल्या जागी बसून घ्यावं. कुणी ऐकलं नाही. देवासमोर उभ्या असलेल्या माणसाला बसा म्हणण्यात काही अर्थही नव्हता.

“तीन.”

त्याने आईला हाक मारली. तिने मागे न बघता हाताने थांब अशी खूण केली. काकांनी घसा साफ केला. लवूच्या अंगावर काटा आला, कारण तो घसा त्याच्या ओळखीचा होता. आता आरती सुरू होणार. आरती झाली की घालीन लोटांगण, आणि घालीन लोटांगण म्हणजे सहाही जण जागच्या जागी टाळ्या वाजवत गोल फिरणार.

“पाच,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतः बसल्या जागी बोटीची कड पकडली होती.

चाळीच्या माघी गणपतीला महाप्रसादाची व्यवस्था अकरा वर्षं लवूकडे आहे. दोन हजार माणसं, एक गल्ली, पत्रावळ्या आणि त्याचा आवाज. तो आवाज त्याने आता छातीच्या तळातून काढला.

“पंगत बसतेय. दोन रांगा, समोरासमोर. तीन इकडे, तीन तिकडे. मधे वाढप्याला वाट सोडा.”

आणि सहाही माणसं बसली. विचार न करता, कुणाकडे न बघता, दोन रांगांत, समोरासमोर, मांड्या आवळून. काका बसता बसता शेजारणीला म्हणालेसुद्धा, जरा सरका. बोट सरळ झाली. मॅडम आठवर थांबल्या होत्या.

लवूने श्वास सोडला. पण पंगत बसवणाऱ्याला ठाऊक असतं की बसलेली माणसं वाढप्याची वाट फार वेळ बघत नाहीत. सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे वळले.

“बसवलंस,” जाईबाई म्हणाली. “आता वाढ.”

वाढायला काय होतं? हातात सुकाणू, पायाशी दोर. काका अस्वस्थ होऊन गुडघ्यावर हात टेकायला लागले, म्हणजे उठण्याची तयारी. लवूने मॅडमकडे बघितलं. मॅडम आकाशाकडे बघत होत्या. मग त्याने मागे वळून गौतमला आवाज दिला, की जे काय असेल ते घेऊन ये.

मदतीच्या बोटीत संकटकाळासाठी ग्लुकोज बिस्किटांचे पुडे ठेवलेले असतात. गौतमने आपली बोट हळूच शेजारी लावली, पुडा फोडला आणि अदबीने, वाकून, एकेकाच्या हातावर दोन-दोन बिस्किटं ठेवत गेला. कौसल्यामावशींना त्याने आग्रह करून तिसरं वाढलं. शेवटी त्याने हात लांब करून मॅडमपुढे पुडा धरला. मॅडमनी क्षणभर विचार केला, पेन कानावर अडकवलं आणि दोन घेतली.

खाणाऱ्या माणसांना घेऊन लवूने बोयाला वळसा घातला. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात देखणा वळसा होता. काका चावता चावता त्या जागेकडे बघत राहिले. बसूनच. बोट लांब गेल्यावर त्यांनी हातातलं अर्धं बिस्किट हलकेच पाण्यात सोडलं.

किनाऱ्याला लागल्यावर मॅडमनी कागद पुरा केला. ठरलेली आज्ञा सोडून पंगतीची आज्ञा दिल्याबद्दल पाच गुण गेले. संकटकाळचा साठा संकट नसताना संपवल्याबद्दल तीन. लवू ऐकत होता आणि त्याच्या कपाळावरून समुद्राचं नसलेलं पाणी ओघळत होतं.

“संकट नव्हतं?” त्याने हळूच विचारलं.

“तुम्ही होऊ दिलं नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “पास आहात. सोमवारपासून सकाळी सहाला या. आधी बोटी धुवाव्या लागतात.”

गौतमने त्याच्या पाठीत असा धपका घातला की दोन थर कोसळले असते. लवूने आधी फोन काढून कुरियरच्या ऑफिसला कळवलं, की सोमवारपासून येणार नाही. मग दोर बांधला, फळी टाकली आणि नव्या नोकरीच्या रुबाबात आपल्या प्रवाशांना म्हणाला, की मंडळी, चला, उतरून घ्या.

कुणी हललं नाही. दोन्ही रांगा जशा होत्या तशाच, समोरासमोर. कौसल्यामावशी कुणाचाही हात न धरता ऐटीत बसल्या होत्या. सीमावहिनी म्हणाली, एवढ्यात काय? काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणजे त्यांचा मुक्काम ठरला. लवूने आईकडे बघितलं.

“आमी अजून एक फेरी मारतलंव,” जाईबाई म्हणाली. “आणि यावेळी बिस्किटां नको. कायतरी गरम बघ.”

माणसांना बोटीत बसवायचं कसं, हे लवू आता शिकला होता. उठवायचं कसं, हे चार महिन्यांत कुणी शिकवलं नव्हतं. त्याने प्रिती मॅडमकडे वळून बघितलं, तर त्या पुढच्या टोकाला आपल्या जागेवर परत जाऊन बसल्या होत्या आणि जॅकेटचा पट्टा आवळत होत्या.