उलटं बटण

माझ्या मोठ्या भावानं घर सोडताना भिंतीतली बटणं काढून नेली. विजेची बटणं. तीन वर्षांपूर्वी त्यानंच ती नवी, गुळगुळीत बटणं आणून बसवली होती, म्हणून ती त्याची. पंखाही त्याचाच होता, तोही गेला. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. आमच्याकडं वासे जागच्या जागी राहिले, बटणं तेवढी फिरली.

हे मला कळलं चौथ्या दिवशी, तेही शेजारच्या काकूंच्या फोनवरून. "तुही माय चार दिवसापासून अंधारात हाय. काल मागच्या गल्लीतून बिबट्यानं बकरी नेली. तू ये." माय आता घरात एकटी. दोन्ही डोळ्यांनी अधू, आणि संडास परसात. परसातला दिवा लावल्याशिवाय अंधार पडल्यावर तिनं मागचं दार कधी उघडलं नव्हतं. गडचांदूरला माझं शिलाईचं दुकान आहे, ते बंद केलं, वाटेत सावली गावच्या बाजारात साधी पांढरी बटणं घेतली आणि दुपारी गावात उतरले.

"काऊन आली एवढ्या दुरून?" माय म्हणाली. "त्याची वस्तू होती, नेली त्यानं. नव्या घरी लागते त्याले."

"आन् तुले नाई लागत?"

"मले काय, टॉर्च हाय."

टॉर्च उशाशी होती, चार्जिंग संपलेली. चार्ज करायला प्लग होता कुठं? तोही नेला होता.

मधल्या खोलीतल्या बोर्डाच्या खड्ड्यातून सात तारा लोंबत होत्या. सातही लाल. टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, एवढी मेहेरबानी. आमचे बाबा ठेकेदाराकडं वायरमन होते. एकदा कामावरून लाल वायरचं उरलेलं बंडल मिळालं, तेव्हा त्यांनी अख्खं घर लाल वायरीनंच करून टाकलं. जिच्यातून वीज येते ती जिवंत, जिच्यातून परत जाते ती मुकी, असं ते म्हणायचे. रंगावरून ओळखायची सोय नाही म्हणून मुक्या तारेला ते गाठ मारून ठेवत. भावानं स्क्रू सोडवत बसायचे कष्ट घेतले नव्हते, पक्कडीनं तारा कापल्या होत्या. गाठही बटणांबरोबर तिकडंच गेली.

हे सगळं बाबांनी शिकवलं ते त्याला. पोरगा ना. मी बॅटरी धरायची. "उजेड माह्या हातावर धर, भिंतीवर नोको," एवढंच मला शिकवलं. लग्न होईपर्यंत मी बॅटरीच धरली. पण बॅटरी धरणारीलाही सगळं दिसतं, हे त्या दोघांच्या कधी ध्यानात आलं नाही.

गावचा वायरमन शेतात धानाच्या रोवण्याच्या चिखलात होता, आठ दिवस तरी येणार नव्हता. मुकी कुठली ते विचारायला मी भावाला फोन लावला. तीनदा. त्यानं उचलला नाही.

मग मीच मेन बंद केला, पट्ट्या काढल्या, टोकं सोलून तारा एकमेकींपासून लांब केल्या आणि मेन सुरू केला. एका तारेवर टेस्टर पेटला. जिवंत सापडली. पुन्हा मेन बंद करून ती बटणाला जोडली, आणि इथं मी घाई केली. बटणाच्या दुसऱ्या टोकाला अंदाजानं एक तार लावली, मेन सुरू केला, बटण दाबलं. फट्ट आवाज झाला, ठिणगी उडाली, मेनजवळचा फ्यूज गेला. हाती नेमकी मुकीच लागली होती.

"राहू दे वो बाई!" माय ओरडली. "त्याले येऊ दे!"

"तो येणार नाई, माय!" मी तिच्या अंगावर खेकसले आणि मलाच वाईट वाटलं. भावाच्या एका शब्दावर मी या घरावरचा हक्क सोडल्याची सही केली होती, आणि आता इथंच शॉक लागून मरायला आले होते काय? राग मायचाही आला होता, खोटं कशाला बोलू.

निदान मुकी कळली. फ्यूजला नवी तार घातली, मुकीला बाबांसारखी गाठ मारली आणि उरलेल्या पाच तारा एकेक करून त्याच बटणाला लावून पाहिल्या, दर वेळी मेन बंद करून. एकीनं स्वयंपाकघर उजळलं, एकीनं ओसरी, एकीनं ही खोली. एकीनं काहीच झालं नाही, ती पंख्याची. शेवटच्या तारेवर मागच्या दारातून माय ओरडली, "लागला!"

सगळी बटणं बसवताना आठवलं. परसातलं बटण बाबांनी मुद्दाम उलटं लावलं होतं. बाकीची खाली दाबली की लागत, ते वर. "तुह्या मायच्या हाताले अंधारात समजलं पाहिजे," ते म्हणाले होते, आणि मी त्यांच्या हातावर उजेड धरून उभी होते. भावानं नवी बटणं लावली तेव्हाही ही खूण ठेवली होती, तेवढं त्याचं म्हणावं लागेल. मीही ते उलटंच बसवलं.

दिवेलागणीला माय बोर्डापाशी आली. बोटं एकेका बटणावरून सरकत शेवटच्यावर थांबली. तिनं ते वर ढकललं. परसात उजेड पडला.

"उलटं!" तिचा चेहरा फुलला. "हे त्यालेच ठाऊक होतं. फोनवर सांगतलं न त्यानं तुले?"

फोन माझ्या हातातच होता. त्याचा काही फोन आला नव्हता.

"हो," मी म्हटलं.

"पाह्य, किती काळजी हाय त्याले माही," असं म्हणत तिनं मागचं दार उघडलं आणि ती निर्धास्त परसात गेली.