‘एकत्र’ची बेरीज

ह्यांनी एकाच व्यापाऱ्याला दिलेले पाच चेक वटले नाहीत. धाराशिवला अपिलातही प्रत्येक चेकचे सहा महिने कैद कायम राहिली. "शिक्षा एकत्र भोगायच्या," न्यायाधीश म्हणाले. चाळिशीतल्या माझ्यासारख्या शहाणीनं बोटांवर बेरीज केली. तीस महिने! बाहेर येताच मी आमच्याच वकिलाला कॉलर धरून भिंतीवर आपटलं आणि चपलेनं त्याचं तोंड फोडलं. गळ्यातली पांढरी पट्टी लाल झाली.

"अहो काकू, एकत्र म्हंजे एकाच वेळी!" तो रक्त थुंकत ओरडला. "सहाच महिने! तेच तर मागत होतो!"

पोलिसानं माझा दंड धरला, तसे हे हात जोडून पुढं झाले.

"साहेब, हिला खुशाल आत घाला, पण माझ्यासंगं एकत्र नको!"