संघमित्राचा आवाज काढून टाकणाऱ्या सरांना

आज सकाळी क्लासने माझ्या मेलेल्या मैत्रिणीचा फोटो टाकला. खाली हात जोडलेले इमोजी. त्याखाली, "स्पीकिंगची नवीन बॅच सोमवारपासून. प्रवेश सुरू."

वा सर, वा! लाज कुठे गहाण टाकलीत?

संघमित्राला जाऊन आज वर्ष झालं. डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत खेळ खल्लास. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती बाईने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परदेशी जायचं तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यावी लागते. स्वारगेटजवळच्या एका क्लासमध्ये आम्ही दोघी त्याची तयारी करून घ्यायचो. माझ्याकडे रायटिंग, तिच्याकडे स्पीकिंग. म्हणजे मुख्यतः उच्चार.

नर्सेस यायच्या, वाघोलीच्या कॉलेजमधली पोरं यायची. पहिल्या दिवशी जो तो गोऱ्यासारखं नाकातून बोलायचा.

ती म्हणायची, "आधी नाक मोकळं कर. सर्दी झालीये का?"

कोणी धडाधड बोलत सुटलं की, "अरे हळू! मागे कुत्रं लागलंय का तुझ्या?"

मग शांतपणे शिकवायची. शब्दात जोर कुठे येतो ते बेंचवर टिचक्या मारून दाखवायची. शेवटचं अक्षर गिळलं तर पुन्हा म्हणायला लावायची.

"आपल्याला गोरं व्हायचं नाहीये. समोरच्याला पहिल्या झटक्यात कळलं पाहिजे, बास."

पोरं पास व्हायची. विमानात बसायची.

तरी डेमो लेक्चरला सरांनी तिला एकदाही उभं केलं नाही. का? तर म्हणे, "मॅडम, तुमचं शिकवणं ए-वन आहे. पण इंग्लिशला जरा मराठी टच येतो हो. लोकांवर वेगळं इम्प्रेशन पडतं."

हे तिच्या तोंडावर. माझ्यासमोर.

ती हसून म्हणाली, "येणारच ना सर. मराठीच आहे मी."

मी डस्टर उचललं होतं. तिनेच माझा हात धरला.

आणि क्लासच्या ॲपवर सरावाची रेकॉर्डिंग्ज कोणाची होती? तिचीच! तिथे नाही आडवा आला मराठी टच. रविवारी बोलावून घ्यायचे. आवाज येतो म्हणून पंखा बंद. घाम पुसत पुसत तिने सगळे धडे रेकॉर्ड केले. ॲपवर तिचं नाव कुठेच नाही.

ती गेली आणि मी क्लास सोडला. कात्रजला तिच्या आईकडे मात्र जात राहिले. मावशी आता एकट्याच असतात. एकदा गेले तर त्यांच्या हातात लेकीचा फोन, ॲप उघडलेलं, आणि संघमित्रा बोलतेय.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"मावशी, तुम्हाला कळतं का हे?"

"कळून काय करायचंय? तिचा आवाज हाय ना. रोज संध्याकाळी लावते मी."

घरात तिचे फोटो पुष्कळ आहेत. व्हिडिओ एकही नाही. कायम दुसऱ्यांचे काढत बसायची. आवाज होता तो तेवढाच.

गेल्या महिन्यात मावशींचा फोन आला. बोलता येत नव्हतं इतक्या रडत होत्या. "अगं, आत दुसरीच बाई बोलतीय."

क्लासने ॲप अपडेट केलं होतं. संघमित्राला काढून कॉम्प्युटरने बनवलेला आवाज टाकला होता. एकदम फॉरेन. न खोकणारा, न दमणारा, रविवारची भरपगारी रजा न मागणारा.

मी लगेच सरांना फोन लावला.

"सर, जुन्या फाइल्स द्या. तिच्या आईला हव्यात."

"मॅडम, आय अंडरस्टँड युअर इमोशन्स. पण ते क्लासचं कंटेंट आहे, असं बाहेर देता येत नाही. आणि खरं सांगू का, जुना डेटा डिलीट झालाय."

"बॅकअप असेल ना?"

"बघतो."

अजून बघतायत. पुण्यात जन्म गेलाय माझा, 'बघतो'चा अर्थ मला सांगू नका.

तिचा फोटो मात्र जाहिरातीसाठी बरोब्बर सापडला हो!

मग मी तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना मेसेज करत सुटले. बहुतेकांनी परीक्षा झाल्याझाल्या सगळं उडवलेलं. शेवटी परदेशात असलेल्या एका नर्सकडे एक धडा निघाला. पोरी, तुझं भलं होवो.

काल संध्याकाळी तो घेऊन कात्रजला गेले. मावशींनी हात धुतले, खुर्चीत नीट बसल्या. मी धडा लावला.

प्रत्येक प्रश्नानंतर ती थोडं थांबते. विद्यार्थ्याला उत्तर देता यावं म्हणून.

"हाऊ आर यू टुडे?" संघमित्राने विचारलं आणि थांबली.

मावशी म्हणाल्या, "मी बरी हाय गं. गुडघा धरतो जरा. तू जेवलीस का?"

"व्हेरी गुड," संघमित्रा म्हणाली. "नेक्स्ट क्वेश्चन."

मी उठून गॅलरीत गेले. आत मावशी बोलतच होत्या. शेजारणीच्या लग्नाचं, दुधाचं, कुठल्याशा पातेल्याचं. ॲप बदलेपर्यंत रोज संध्याकाळी हे असं चालू होतं आणि मला पत्ता नव्हता.

सर, तुम्ही हे डिलीट केलंत. कंटेंट म्हणे!

तिच्या बॅचला असलेल्या सगळ्यांनो, फोन उपसा. व्हॉइस नोट, अर्धवट रेकॉर्डिंग, तुमच्यावर ओरडलेली असेल तर तेही चालेल. मला पाठवा. एका धड्यावर म्हातारी किती दिवस काढणार?

भावपूर्ण श्रद्धांजली क्लासने बॅचच्या जाहिरातीसकट वाहिलेली आहेच. माझ्याकडे आज फक्त संताप आहे, तोच तुझ्या नावाने ठेवते.

जय भीम, संघमित्रा.